सोबतीची सक्ती

थीम पार्कमधल्या कुठल्याही मोठ्या राइडच्या बाहेर बाकावर कोण बसलेलं असतं ते एकदा बघा. पाठपिशव्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि काढून ठेवलेले चष्मे यांच्या ढिगात एक व्यक्ती हमखास असते. गुडघे गेलेली, काठी शेजारी टेकवलेली, किंवा दिसायला धडधाकट पण दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही अशी. बाकीचे 'तू बस, आम्ही आलोच' म्हणून आत गेलेले असतात. त्यात दुष्टावा नसतो, उलट काळजीच असते. पण संध्याकाळी हिशेब केला तर त्या व्यक्तीने पुरं तिकीट काढून दिवसभर इतरांचं सामान राखलेलं असतं.

त्यामुळे चालण्याफिरण्यावर मर्यादा असलेलं कोणी एकट्याने थीम पार्कला जायचं म्हणतं, तेव्हा मला त्यात जगावेगळं काही वाटत नाही. एकट्याने गेलं की निदान सामान राखावं लागत नाही. आपल्या चालीने चालता येतं, थकलं की बसता येतं, आवडलेली राइड पुन्हा घेता येते आणि 'तुझ्यामुळे आमचं हे राहिलं' असं कोणाच्या चेहऱ्यावर वाचावं लागत नाही. मी काठी वापरते. गटाबरोबर फिरताना माझी अर्धी शक्ती चालण्यात जाते आणि उरलेली अर्धी 'मी ठीक आहे' हे दाखवण्यात. एकटी असले की हा दुसरा खर्च वाचतो.

पण पार्कच्या दारात एक प्रश्न उभा असतो: सोबत कोण आहे? अनेक पार्कांच्या माहितीपत्रकात अपंग पाहुण्यांसाठी लिहिलेलं असतं की अमुक राइडला सज्ञान, सक्षम सोबती असल्याशिवाय बसता येणार नाही. युरोपातल्या बऱ्याच ठिकाणी त्या सोबत्याला प्रवेश मोफत किंवा सवलतीत मिळतो. वरवर हे उदार वाटतं. मला ते खटकतं. सोबत्याचं तिकीट फुकट, पण सोबती कुठून आणायचा हे ज्याचं त्याने बघायचं. ज्याचं कोणी जवळ राहत नाही, ज्याची माणसं कामावर आहेत, ज्याला कोणाचे उपकार नको आहेत, किंवा ज्याला सरळ एकटं राहायला आवडतं, त्याच्यासाठी या सवलतीचा अर्थ 'तुम्ही येऊ नका' एवढाच उरतो. पार्क ज्याला सोबती म्हणतं ते बहुतेक वेळा एक काम असतं, आणि ते पार्कने करायचं काम आहे, असं माझं म्हणणं आहे.

ते काम नेमकं काय, हे बारकाईने बघितल्याशिवाय वाद पुढे सरकणार नाही. गाडी लावतात ती जागा आणि प्रवेशद्वार यांत चांगलंच अंतर असतं. भाड्याची व्हीलचेअर किंवा बॅटरीची स्कूटर मात्र अनेक ठिकाणी दाराच्या आत मिळते. चालणं जमत नाही म्हणून जिला स्कूटर हवी आहे, तिने ती घ्यायला आधी चालत जायचं! आत गेल्यावर अंतरं आणखी वाढतात. फ्लोरिडातल्या एप्कॉट या डिस्नीच्या पार्कमध्ये वर्ल्ड शोकेस नावाच्या विभागातल्या तळ्याभोवतीचा एक फेराच सुमारे दोन किलोमीटरचा आहे, आणि तो पार्कचा केवळ एक भाग. पुढे राइडपाशी पोचलं की स्कूटर चढायच्या फलाटावर सोडायची, आणि काही राइड उतरवतात भलत्याच टोकाला. ती स्कूटर तिकडे कोण नेणार? राइडमध्ये हात मोकळे हवेत, सुटी वस्तू चालत नाही. मग काठी कोण धरणार, आणि उतरल्यावरचं पहिलं पाऊल कशाच्या आधाराने टाकायचं? दोन्ही हात वॉकरवर असताना जेवणाचा ट्रे टेबलापर्यंत कसा न्यायचा? स्वच्छतागृहाचं दार बाहेर ओढायचं असेल आणि जड असेल, तर व्हीलचेअरवर बसून ते ओढता ओढता मागे कसं सरकायचं?

या सगळ्याला मायेचं माणूस लागत नाही. गणवेशातल्या कर्मचाऱ्याची दोन-चार मिनिटं लागतात आणि 'हे माझं काम आहे' असं त्याला आधी कोणीतरी सांगून ठेवलेलं असावं लागतं. चांगल्या पार्कांत असे कर्मचारी भेटतात, नाही असं नाही. ते स्कूटर वळवून ठेवतात, काठी हातात देतात, ट्रे उचलतात. पण तो त्या कर्मचाऱ्याचा स्वभाव असतो. त्याची पाळी बदलली की सोयही बदलते, आणि स्वभावाच्या भरवशावर कोणी प्रवासाचं तिकीट काढत नाही.

काही कामं तर माणसाचीही नाहीत, आखणीचीच आहेत. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्व कायद्याखालची २०१० ची बांधकाम मानकं मार्च २०१२ पासून बंधनकारक झाली. त्यांत मनोरंजनाच्या राइडसाठी वेगळा भाग आहे. नव्याने उभारलेल्या कायमस्वरूपी राइडमध्ये तीनपैकी एक तरी सोय हवी: व्हीलचेअरसकट बसता येईल अशी जागा, खुर्चीतून सरकून बसता येईल असं आसन, किंवा त्यासाठी मदत करणारं साधन. सरकून बसायच्या आसनाची उंचीही ठरवून दिली आहे, फलाटापासून साधारण ३५ ते ६१ सेंटीमीटर. काही प्रकारच्या राइडना यातून सूट आहे, आणि जुन्या राइडना हा नियम आपोआप लागत नाही. तरीही कोणाला उचलून ठेवण्याऐवजी आसन योग्य उंचीवर आणा, हा विचार मला पटतो. आसन खुर्चीच्या पातळीला असलं, धरायला दांडा असला आणि गाडी पुरेसा वेळ थांबली, तर बरीच माणसं स्वतःहून सरकून बसतात. आसन खाली खड्ड्यात असलं, वर कडा ओलांडायची असली आणि फलाटाचा पट्टा सतत सरकत असला, की तीच माणसं 'सोबती हवा' या वर्गात जातात. त्यांचं शरीर तेच आहे, फलाट बदलला.

आता सुरक्षेकडे येऊ, कारण पार्कचा खरा युक्तिवाद तिथे आहे आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. रोलर कोस्टर चढणीवर अडकला तर प्रवाशांना रुळालगतच्या अरुंद जिन्याने उतरवावं लागतं. काळोख्या राइडमध्ये आग लागली तर गाडी सोडून चालत बाहेर पडावं लागतं. ज्याला तो जिना उतरता येणार नाही त्याचं काय करायचं, हा प्रश्न पार्कने विचारायलाच हवा. कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना उचलू नये हा सर्वत्र दिसणारा नियमही मला मान्य आहे. उचलताना दोघांचीही हाडं मोडू शकतात.

पण या प्रश्नाला 'सोबती आणा' हे उत्तर कसं होतं, ते मला कळत नाही. पन्नास-साठ फूट उंचीवर, हातभर रुंदीच्या जिन्यावर माझी बहीण मला पाठीवर घेणार आहे का? तिला त्याचं कुठलं प्रशिक्षण? तिच्या असण्याने जिना रुंद होत नाही. अशा वेळी लागतात प्रशिक्षित माणसं, उतरवण्याची खास खुर्ची किंवा दोर, आणि आधी करून बघितलेला सराव. ते सगळं पार्ककडे असलं तर सोबती लागत नाही, नसलं तर सोबत्याने काही साधत नाही. सोबतीच्या अटीने होतं एवढंच की काही बिनसलं तर 'त्यांच्याबरोबर त्यांचं माणूस होतं' असं म्हणता येतं.

२०११ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरियन लेक पार्कमधला अपघात या संदर्भात आठवावा असा आहे. इराक युद्धात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक 'राइड ऑफ स्टील' या कोस्टरवरून फेकला गेला आणि मरण पावला. त्या राइडचा अडसर, म्हणजे प्रवाशाला आसनात धरून ठेवणारा दांडा, मांड्यांवर बसणारा होता. दोन्ही पाय असल्याशिवाय बसू देऊ नये असा पार्कचाच नियम होता. कर्मचाऱ्यांनी तो पाळला नाही, असं चौकशीत निघालं. तो माणूस एकटा नव्हता. कुटुंबाबरोबर आला होता, राइडवर त्याचा भाचा त्याच्यासोबत होता. त्याला वाचवू शकला असता तो नियम जाणणारा आणि नम्रपणे 'नाही' म्हणू शकणारा कर्मचारी.

तेव्हा मी सरसकट 'सगळ्यांना सगळीकडे बसू द्या' म्हणत नाही. ज्या राइडचा अडसर माझ्या शरीराला धरू शकत नाही, तिथे मला नकार मिळायलाच हवा. मात्र नकाराचं कारण त्या यंत्रात असलं पाहिजे. अमेरिकी नियमावलीत यासाठी नेमकी कसोटी आहे: सुरक्षेच्या अटी प्रत्यक्ष धोक्यावर आधारलेल्या हव्यात, नुसत्या अंदाजावर किंवा अपंग व्यक्तींबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींवर नव्हेत. 'एकटी आहे म्हणून नाही' हे या कसोटीला उतरत नाही. 'हा जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे, तो तुम्हाला धरून धरून उतरता येईल का?' हे उतरतं. त्याचं उत्तर मी देऊ शकते. माझ्या पायांची माहिती जगात सर्वांत जास्त मला आहे.

सोबतीची ही गाठ एका क्षेत्राने बऱ्यापैकी सोडवली आहे, ते म्हणजे विमानप्रवास. युरोपीय संघाचा २००६ सालचा ११०७ क्रमांकाचा नियम सांगतो की हालचालीत अडचण असलेल्या प्रवाशाला विमानतळावर लागणारी मदत विमानतळाच्या व्यवस्थापनाने, प्रवाशाकडून काहीही न घेता पुरवायची. तिचा खर्च विमान कंपन्यांकडून वसूल होतो, म्हणजे शेवटी सगळ्याच प्रवाशांत थोडा थोडा वाटला जातो. प्रवाशाने ४८ तास आधी कळवावं एवढी अपेक्षा. विमानतळावर व्हीलचेअर ढकलायला माणूस मिळतो ही गोष्ट आता इतकी सवयीची आहे की ऐंशीच्या घरातली माणसं एकटी खंड ओलांडतात आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही.

विमान कंपन्यांनाही सोबत्याची अट घालता येते, पण त्या अटीची किंमत मोजावी लागते. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमानुसार, आपण एकटे प्रवास करू शकतो असं प्रवासी म्हणत असेल आणि तरी कंपनी सुरक्षेसाठी सोबती हवाच म्हणत असेल, तर त्या सोबत्याच्या प्रवासाचे पैसे कंपनीने घ्यायचे नाहीत. कॅनडात २००८ च्या निर्णयानंतर देशांतर्गत प्रवासात 'एक व्यक्ती, एक भाडं' हे तत्त्व लागू झालं. अपंगत्वामुळे सोबती किंवा जास्तीचं आसन लागत असेल तर त्याचं वेगळं भाडं नाही. थीम पार्कच्या मोफत सोबती-तिकिटाशी हे मिळतंजुळतं वाटेल, पण एक फरक आहे. विमानप्रवासाच्या क्षेत्राने सोबत्याला सवलत देण्याच्या आधी स्वतःची माणसं उभी केली. पार्कांनी पहिली पायरी गाळली आणि थेट दुसरीवर उडी मारली.

विमानप्रवास गरजेचा आणि थीम पार्क चैनीचं, असा आक्षेप इथे येतोच. एकट्याने जाऊन पाळण्यात बसायची हौस, तिच्यासाठी कायदे? या सुराला उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात आहे. त्याच्या ३० व्या कलमात मनोरंजन आणि पर्यटनाच्या ठिकाणी प्रवेशाचा उल्लेख स्पष्ट आहे. सुगमतेविषयीच्या ९ व्या कलमात तर लोकांसाठी खुल्या असलेल्या इमारती आणि सुविधांमध्ये प्रत्यक्ष माणसांची मदत, त्यात मार्गदर्शकही, उपलब्ध करून देण्याबद्दल म्हटलं आहे. करार लिहिणाऱ्यांना पाळणा हौसेचा आहे हे ठाऊक नसेल असं नाही. पण निरोगी माणसाला हौसेचं कारण कोणी विचारत नाही, तर मलाच का विचारावं? दवाखान्यात जायला मदत आणि मजा करायला जायला मनाई, अशी वाटणी केली की अपंग माणसाचं आयुष्य म्हणजे उपचारांची यादी होते.

रांगेचा मुद्दा वेगळा काढायला हवा, कारण तिथे एकटं असण्याचा फटका सगळ्यांत जास्त बसतो आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते. चालणं आणि उभं राहणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मला किलोमीटरभर हळूहळू चालता येतं, पण वीस मिनिटं एका जागी उभं राहिलं की पाय जड होतात. नागमोडी कठड्यांच्या रांगेत बसायला काही नसतं. मध्येच स्वच्छतागृहाला जावं लागलं तर गटातलं माणूस जागा धरतं. एकटीची जागा गेली. रांगेतून बाहेर पडून परत येण्याची सोय काही पार्कांत आहे, पण तिच्यातही गृहीत हेच की गटातले बाकीचे तोवर उभे आहेत. आणि गंमत अशी की एकट्या पाहुण्यांसाठी अनेक पार्कांत खास वेगळी रांग असते. रिकाम्या राहिलेल्या एकेक जागा भरण्यासाठी ती काढलेली, आणि सहसा सगळ्यांत वेगवान. तिच्यात बऱ्याच ठिकाणी जिना असतो. म्हणजे एकटं असण्याचा फायदा ज्याचे पाय चांगले त्याला, आणि तोटा ज्याचे नाहीत त्याला.

रांगेच्या सवलतींचा इतिहास फारसा सुखाचा नाही, हेही मान्य करायला हवं. डिस्नीच्या अमेरिकेतल्या पार्कांत पूर्वी अपंग पाहुण्यांना एक साधं सहाय्य-कार्ड मिळे. २०१३ मध्ये बातम्या आल्या की काही श्रीमंत कुटुंबं रांग टाळण्यासाठी अपंग व्यक्तींना भाड्याने बरोबर घेताहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते कार्ड बंद झालं आणि परत येण्याची वेळ लिहून देणारी पद्धत आली. २०२४ मध्ये ती आणखी आवळली गेली. आता ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणींमुळे नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी आहे. चालण्याची अडचण असेल तर रांगा व्हीलचेअर जाईल अशा आहेत, खुर्ची किंवा स्कूटर घ्या, असा त्यामागचा विचार.

हा विचार व्हीलचेअरवरच्या पाहुण्यापुरता चूक नाही. खुर्चीत बसलेल्याला इतरांइतकीच रांग लावायला काय हरकत आहे? पण मधल्या अवस्थेतली, थोडं चालू शकणारी आणि उभं राहू न शकणारी माणसं यात सापडतात. साधी व्हीलचेअर घेतली तर ढकलायला कोणीतरी हवं. दिवसभर स्वतःच चाकं फिरवण्याइतके खांदे सगळ्यांचे नसतात. उरते स्कूटर. तिला वेगळं भाडं, ती संपलेली असू शकते, आणि पहिल्यांदाच चालवणाऱ्याने ती गर्दीच्या अरुंद वळणांतून न्यायची. पुन्हा फिरून प्रश्न तोच: बरोबर कोणी नाही का?

गैरवापर रोखायचा तर रोखा, पण तो प्रामुख्याने गटांनी केला होता. एका कार्डावर पाच-सहा जण पुढे जात होते, म्हणून तर भाड्याने माणसं घेणं परवडलं. एकट्या माणसाला परत येण्याची वेळ दिली तर रांगेत एकच माणूस मिसळतो. नियम कडक करताना हा सगळ्यांत निरुपद्रवी पाहुणा आधी वगळला जावा, यात हिशेबसुद्धा नाही. त्याला रांगेइतकंच थांबू द्या, फक्त बसून थांबू द्या. घडीचं स्टूल दिलं तरी चालेल. रांग तोडायची मागणी यात कुठेच नाही.

खर्चाचा आणि तांत्रिक अडचणींचा आक्षेप उरतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत २०१० मध्ये मॉर्गन्स वंडरलँड हे अपंग पाहुण्यांना केंद्रस्थानी ठेवणारं पार्क सुरू झालं. अपंग व्यक्तींना तिथे प्रवेश मोफत आहे, आणि पाळण्यांपासून झोक्यांपर्यंत बरंच काही व्हीलचेअरसकट वापरता येतं. २०१७ मध्ये त्याच्या शेजारी पाण्याचं पार्क उभं राहिलं, तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाबलेल्या हवेवर चालणारी, भिजली तरी बिघडणार नाही अशी व्हीलचेअर तयार केली. असं वेगळं पार्क हेच उत्तर, असं मी म्हणणार नाही; सगळं जग जिथे जातं तिथेच मलाही जायचं आहे. पण तांत्रिकदृष्ट्या अशक्य म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं किती खरोखर अशक्य आहे, हे तपासायला ते उपयोगी पडतं.

शिवाय मी ज्यासाठी भांडते आहे त्यातला मोठा वाटा फार महाग नाही. प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, मूल अमुक सेंटीमीटरच्या खाली असेल तर प्रवेश नाही. तिथे कोणी वाद घालत नाही, कारण आकडा समोर असतो आणि तो घरून निघण्याआधीही बघता येतो. त्याच पट्टीशेजारी आणि संकेतस्थळावर आणखी काही आकडे लिहा: फलाटापर्यंत पायऱ्या किती, आसन किती उंचीवर, कडा किती ओलांडायची, गाडी किती सेकंद थांबते, थांबवता येते का, रांगेत बसायची जागा आहे का, अडकल्यास उतरायचा जिना किती पायऱ्यांचा. आसनात बसून बघण्यासाठी एक सुटी गाडी प्रवेशापाशी ठेवा; अंगकाठीने मोठ्या पाहुण्यांसाठी अनेक कोस्टरपाशी तसं आसन आधीपासूनच असतं. स्कूटर वाहनतळावर द्या. फलाटावरच्या प्रत्येक पाळीत एकाच्या कामाच्या यादीत काठी धरणं आणि स्कूटर उतरायच्या बाजूला नेणं ही दोन वाक्यं घाला. ज्याला याहून जास्त मदत लागेल त्याला विमानतळासारखी दोन दिवस आधी मागणी नोंदवू द्या आणि काही तासांसाठी पार्कचा माणूस बरोबर द्या. आणि एवढं करूनही एखाद्या राइडला सोबती लागतोच असं पार्कचं मत असेल, तर त्या राइडपुरता तो पार्कने पुरवावा.